भाडेकरू तुमचं घर रोजच्या भाड्याने देतोय? या चुका टाळा

दर शनिवारी नवी माणसं बॅगा ओढत जिना चढतात, दाराजवळ चावी ठेवायची नंबरची डबी लटकते आणि भाडेकरू म्हणतो, ‘नातेवाईक आलेत.’ अशा वेळी घरमालकाचा राग रास्तच असतो. पण त्या रागाच्या भरात हातातली बाजू निसटते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे संशय आला की लगेच भाडेकरूला फोन लावून जाब विचारणं. तासाभरात घराची ऑनलाइन जाहिरात गायब होते आणि तुमच्याकडे पुरावा म्हणून काहीच राहत नाही. आधी गुपचूप शोधा. थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने मिळणाऱ्या एअरबीएनबीसारख्या साइटवर बुकिंग होण्याआधी नकाशात बहुधा अंदाजे परिसरच दिसतो, त्यामुळे पत्ता टाकून फारसं हाती लागत नाही. फोटो निरखून पाहा. पडदे, चादरी, सोफा सगळं बदललेलं असेल, पण खिडकीचं ग्रिल, ओट्याचा दगड, बाथरूमच्या टाइलला गेलेला तडा तोच असतो. घर ताब्यात देताना काढलेले फोटो इथे कामाला येतात. जाहिरात सापडली की लिंक, दर, यजमानाचं (घर देणाऱ्याचं) नाव आणि पाहुण्यांचे सगळे अभिप्राय यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. अभिप्रायांवर महिना असतो, त्यावरून हा प्रकार निदान कधीपासून चालू आहे ते कळतं. शिवाय प्रत्येक पाहुणा काही अभिप्राय लिहीत नाही, म्हणजे खरे मुक्काम त्याहून जास्तच.

कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं हे तर करूच नका. बहुतेक देशांत कायदेशीर प्रक्रियेशिवाय भाडेकरूला बाहेर काढणं हाच गुन्हा किंवा भरपाईचं कारण ठरतं. दारातल्या पाहुण्यांवरही ओरडू नका. त्यांनी पैसे भरलेत, त्यांना यातलं काही माहीत नसतं. नीट विचारलं तर बुकिंग कुठून केलं हे तेच सांगतील.

सगळं कळूनही मुकाट्याने भाडं घेत राहणं ही आणखी एक चूक. पुढे ‘मालकाला मान्यच होतं’ असा बचाव उभा राहू शकतो. वकिलाला विचारून लेखी नोटीस द्या: कराराचं कोणतं कलम मोडलं, जाहिरात कोणत्या तारखेपर्यंत काढायची, पुढची बुकिंग रद्द करायची, नाहीतर करार संपेल.

करारात नुसतं ‘पोटभाडेकरू ठेवू नये’ लिहून भागत नाही. पाहुणा हा भाडेकरूच नाही, असा वाद घालता येतो. म्हणून ‘एका रात्रीसाठीसुद्धा, मोबदला घेऊन, कोणालाही राहायला देऊ नये’ असं स्पष्ट लिहा. घरी आलेल्या खऱ्या पाहुण्यांवर मात्र बंदी घालू नका, तो अन्याय होईल. पोटभाड्याची परवानगी दिली असेल तरी सगळं संपलं असं नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2014 मध्ये सांगितलं की अशा सर्वसाधारण परवानगीत पर्यटकांना रोजच्या भाड्याने घर देणं बसत नाही.

‘नफ्यात वाटा घ्या’ म्हणून भाडेकरू मिटवायला आला, तर लगेच हो म्हणू नका. घराचा विमा अशा धंद्याला लागू होतो का आणि स्थानिक नियम काय आहेत, हे आधी तपासा. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणीची सक्ती काटेकोरपणे अमलात आली आणि त्या काळात यजमानानेही त्याच घरात राहायला हवं. तुमच्या शहरात असा नियम असेल, तर वाटा घेतल्यावर दंडाच्या नोटिशीवर तुमचंही नाव येऊ शकतं.