बांबोळीला सोबत कशी करावी

नोकरी संपल्यावर किंवा मुले घराबाहेर पडल्यावर, आता आपला कोणाला काय उपयोग, हा प्रश्न मनात घर करतो. नुसता विचार करून त्याचे उत्तर मिळत नाही. कोणीतरी आपली वाट पाहू लागले की ते मिळू लागते, असा माझा अनुभव आहे. म्हणून एकच माणूस आणि एकच काम धरावे. मुले परगावी किंवा परदेशात आणि आजी एकटी, असे घर बहुतेक वाड्यांवर असतेच. तिला तपासणीसाठी गोव्यातल्या बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात, सोबत करावी.

आदल्या संध्याकाळी तिच्याकडे जाऊन केसपेपर, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि आधार कार्ड एका पिशवीत भरावे. डॉक्टरांना काय विचारायचे ते तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. रक्त उपाशीपोटी द्यायचे असल्यास पेजेचा डबा बरोबर घ्यावा, कारण रांग कधी सरेल ते सांगता येत नाही.

ओपीडीत तिला बाकावर बसवून रांगेत आपण उभे राहावे, पण डॉक्टरांसमोर तिलाच बोलू द्यावे. पहिल्या खेपेला सगळी उत्तरे मीच दिली होती, परतताना बसमध्ये आजी बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, “दुखतं मला, आणि सांगतेस तू!” तेव्हापासून मी फक्त ऐकते, टिपून घेते आणि त्या काही विसरल्या तरच हळूच आठवण करून देते. मदत करताना समोरच्याचा मान आपल्या हातून नकळत काढून घेतला जातो, आणि ही चूक चांगल्या मनाच्या माणसांकडूनच अधिक होते.

घरी आल्यावर प्रत्येक पट्टीवर सकाळ, दुपार किंवा रात्र असे ठळक मराठी अक्षरांत लिहावे. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे दरमहाचे मानधन तिला मिळत असेल, तर दरवर्षीचा हयातीचा दाखला दिला आहे का, तेही याच भेटीत विचारावे.

निघताना आजीने सोलांची, म्हणजे आमसुलांची, पुडी हातावर ठेवली, तर ती नाकारू नये. तिलाही काही द्यायचे असते. पुढची तारीख तिच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहावी, तशीच आपल्याही, आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही काम ठेवू नये.