मोटारसायकलचा गंभीर अपघात: भरपाईच्या दाव्याची तयारी पहिल्या आठवड्यातच करा

जखमी माणूस अतिदक्षता विभागात असताना भरपाईचा विषय काढणं घरच्यांना नकोसं वाटतं. तरीही एकाने पहिल्या दिवसापासून दवाखान्याबाहेरची कामं अंगावर घ्यायलाच हवीत. वेदना कितीही खरी असली तरी भरपाई मिळते ती कागदावर सिद्ध झालेल्या नुकसानीची, आणि हा पुरावा फार लवकर नाहीसा होतो.

आधी कॅमेरे शोधा. आजूबाजूची दुकानं, पेट्रोल पंप, तिथून गेलेल्या बस, सगळीकडे विचारा. बऱ्याच यंत्रणांत जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवं चढतं. म्हणून तारीख आणि वेळ घालून चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. तोवर निदान पडद्यावर दिसणारं चित्रण मोबाइलवर टिपून ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळ हमखास मागेपुढे असतं, तेव्हा त्यात किती वाजलेत आणि खरी वेळ काय, दोन्ही लिहून घ्या. साक्षीदारांचे फोन नंबर त्याच दिवशी घ्या.

रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा टेप लावून मोजा, टेपसकट फोटो काढा, आणि खूण एका चाकाची आहे की दोन्ही चाकांची, हे नीट पाहा. मोटारसायकलस्वाराचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं. खुणेच्या लांबीवरून वेग काढताना घर्षणाचा एक गुणांक, म्हणजे रस्ता चाकाला किती रोखतो याचा आकडा, धरतात. चारही चाकं लॉक झालेल्या मोटारीसाठी कोरड्या डांबरावर तो साधारण ०.७ असतो. २० मीटरच्या खुणेला तो लावला की वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येतो. पण मोटारसायकलची खूण अनेकदा एकट्या मागच्या चाकाची असते. ब्रेक लावताच वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होऊन नुसतं घासत राहतं आणि गाडीचा वेग तितक्या झपाट्याने उतरत नाही. तिथे गुणांक ०.४ च्या आसपास येतो, आणि त्याच २० मीटरवरून वेग निघतो ४५. पुढचा ब्रेकही लागला असेल तर हे गणित बदलतं, शिवाय धडकेच्या क्षणी उरलेला वेगही हिशेबात धरावा लागतो. पण समोरच्या पक्षाच्या अहवालात वेगाचा आकडा दिसला की गुणांक कोणता धरला आणि का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

गाडी दुरुस्तीला देऊ नका, भंगारात तर मुळीच घालू नका. हेल्मेट आणि फाटलेले कपडे न धुता, न पुसता ठेवा. हेडलाइट फुटला असला तरी हॅलोजनचा बल्ब हात न लावता जपा. ‘दिवा बंद होता, म्हणून गाडी दिसली नाही’ हा बचाव वारंवार केला जातो. दिवा चालू असताना धडक बसली तर तापून मऊ झालेली फिलामेंट (बल्बमधली बारीक तार) ताणली जाते, वेडीवाकडी होते. थंड फिलामेंट मात्र कडक असते, ती तुटली तर काटकीसारखी तुटते. तज्ज्ञाला हा फरक ओळखता येतो. एलईडी दिव्यात ही सोय नाही.

दवाखान्यात केस पेपरचं पहिलं पान वाचा. जखमी बेशुद्ध असतो, सोबतचा माणूस घाईत ‘गाडीवरून पडला’ म्हणतो आणि तेच लिहिलं जातं. दुसऱ्या वाहनाचा उल्लेखच राहतो, आणि पुढे विमा कंपनी तेवढ्या एका ओळीवर अडून बसते. चूक दिसताच डॉक्टरांकडे लेखी अर्ज देऊन नोंद दुरुस्त करून घ्या. डोक्याला मार असेल तर दाखल करतानाचा ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे माणूस कितपत शुद्धीवर आहे ते सांगणारा आकडा (३ ते १५) नोंदला आहे ना, तेही बघा. विसरभोळेपणा किंवा चिडचिड पुढच्या काही आठवड्यांत जाणवू लागली, तर फक्त घरात बोलू नका, प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना सांगून लिहून घ्या.

रक्कम मागताना फक्त बिलं जोडणं ही मोठी चूक. बुडालेला पगार, दवाखान्याच्या फेऱ्या, सेवेला राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, पुढची शस्त्रक्रिया हे सगळं धरा. हाडाला बसवलेली प्लेट काढावी लागेल का, हाड जुळलं नाही तर काय करावं लागेल, याचा खर्चासकट अंदाज सर्जनकडून लेखी घ्या. अपंगत्वाच्या टक्क्यांवर तर विशेष लक्ष ठेवा. पायाचं ४० टक्के अपंगत्व म्हणजे कमाईत ४० टक्के घट, असं समीकरण नसतं. बसून हिशेब लिहिणाऱ्याचं काम चालू राहील, खांबावर चढणाऱ्या वायरमनचा धंदाच बंद होईल. म्हणून प्रमाणपत्रासोबत नेमकं काम काय होतं आणि त्यातलं आता काय जमत नाही, याचा स्वतंत्र पुरावा लागतो. रोज रात्री दोन ओळी लिहा: ‘मोजे दुसऱ्याने घातले. एक जिना चढायला ६ मिनिटं.’ असे तपशील ‘खूप त्रास होतो’ यापेक्षा कितीतरी वजनदार ठरतात.

दोष दोघांचा ठरला तर बहुतेक ठिकाणी आपल्या वाट्याइतकी रक्कम कापली जाते. १० लाखांत ३० टक्के दोष आपला, तर हाती ७ लाख. म्हणून ‘माझंच चुकलं असेल’ असं सौजन्यानेही म्हणू नका, आणि विमा कंपनीच्या माणसाला वकिलाशी बोलल्याशिवाय रेकॉर्ड होणारा जबाब देऊ नका.

लवकर आलेली तडजोडीची रक्कम मोहात पाडते, कारण घरात पैसा संपलेला असतो. पण त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असले, तर पुढे हाड जुळलं नाही तरी नव्याने मागणी करणं जवळजवळ अशक्य होतं. प्रकृती स्थिर झाली, आता यापुढे फारशी सुधारणा नाही, असं डॉक्टरांनी लेखी देईपर्यंत अंतिम सही टाळा. मात्र दावा दाखल करायची कायदेशीर मुदत असते आणि नुसती बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबेलच असं नाही. वकिलाच्या पहिल्याच भेटीत ती शेवटची तारीख त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.