पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर) चालणारी कमी धुराची चूल कशी बांधावी

धूर म्हणजे न जळलेलं सरपण. नुसतं धुराडं लावलं तर घरातला धूर शेजाऱ्याच्या अंगणात जातो, एवढंच. म्हणून आधी तो चुलीतच जाळायचा.

माती वारुळाची किंवा गावठाणातली पांढरी घ्या. शेतातली काळी माती वाळताना आकसते, भेगा पडतात आणि त्यातून धूर निघतो. 4 घमेली चाळलेली माती, 1 घमेलं शेण, 1 घमेलं बारीक कुटार (भुसा) रात्रभर भिजवा, सकाळी पायानं तुडवा.

मधे 5 इंच व्यासाचा डबा उभा ठेवून भोवती 3 इंच जाड माती थापा. टणकली की डबा फिरवत काढा. समोरचं तोंड 5 इंच रुंद, 6 इंच उंच कापा. मोठं तोंड सोयीचं वाटतं, पण त्यातून थंड वारा शिरतो आणि जाळ मरतो. तळापासून 2 इंचांवर सळयांची जाळी बसवा, सळयांत बोटभर फट. खालून हवा, वरून काड्या. जाळीपासून गंजाच्या (पातेल्याच्या) बुडापर्यंत 7-8 इंच ठेवा. जाळाला तेवढी उंची मिळाली की धूर वाटेतच पेटतो.

मागच्या वैलाकडे (चुलीला जोडलेल्या, दुसरं भांडं ठेवायच्या तोंडाकडे) 3 इंचांची चढती वाट काढा, तिथून 4 इंची पत्र्याचा पाइप आढ्याच्या 2 फूट वर न्या. प्लास्टिकचा पाइप वितळतो. छतातून जाताना लाकडी फाट्यापासून वीतभर अंतर सोडाच. गंजाखाली नेहमीचे तीन उंचवटे करू नका, भांडं चपखल बसू द्या.

सावलीत 8-10 दिवस वाळवा, मग दोन दिवस अगदी मंद जाळ. नंतर तोंडाशी उदबत्ती धरा: धूर आत ओढला गेला तर चूल जमली.

पऱ्हाटी वीतभर मोडा. कटकन तुटली तर वाळलेली, वाकली तर ओली. एका वेळी चार-पाच काड्या, टोकं तेवढी जळू द्या. मूठभर कोंबल्या की धूर आलाच. तिचे ढीग मात्र वर्षभर शेताजवळ रचू नका, गुलाबी बोंडअळी त्यात दडून राहते.

धूर उलटा आला तर आधी वैल बघा: गंज उचलला आणि झाकण ठेवलं नाही की ओढ तुटते. फुंकणी लागायला लागली तर जाळीखाली राख साचली आहे. दोन्ही ठीक असतील तर पाइपात काजळी आहे. चूल थंड असताना बांबूला काथ्या बांधून दर 15 दिवसांनी झाडा.