दौलताबादचं खिंडार कसं बनवायचं

वेढ्यात सापडलेल्या किल्ल्याचं मॉडेल करायचं असेल तर कटर हातात घेण्याआधी भिंत कशानं पडली ते ठरवा. मी दौलताबादचा १६३३ चा वेढा घेतो. तो डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो, आणि त्या वेढ्यात काय पडलं नि काय टिकलं हे ठाऊक आहे. मुघल सरदार महाबतखानाच्या सुरुंगानं आधी बाहेरचा तट, अंबरकोट, फुटला, मग त्याच्या आतला महाकोट. त्याहून आतल्या काळाकोटाची पाळी आली तोवर आतलं धान्य संपत आलं होतं. निजामशाहीकडून किल्ला लढवणारा, मलिक अंबरचा मुलगा फतेखान यानं जूनमध्ये किल्ला सोपवला. म्हणजे वरचा बालेकिल्ला फुटलेलाच नाही. पोरं हौसेनं त्यालाही भगदाडं पाडतात. पाडू देऊ नका.

मापाचं थोडक्यात सांगतो. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांची मॉडेलं १:६०० मापानं होऊ लागली. त्या मापात आपला सुमारे २०० मीटरचा डोंगर ३३ सेंटीमीटरचा होतो, टेबलावर बसतो. माणूस मात्र जेमतेम तीन मिलिमीटरचा. म्हणून खिंडार वेगळ्या फळीवर, १:१०० नं करा.

आता खरं काम. तोफेचा मारा तटाच्या खालच्या भागावर धरलेला असतो. वरची भिंत खचून पुढं घसरते आणि चढाईला उतार मिळतो. सुरुंग पायाच उचलतो: मधे खड्डा, दगड आत-बाहेर दोन्हीकडं. अंबरकोटासाठी हाच दुसरा प्रकार करा. थर्माकोलची भिंत सुरीनं सरळ कापू नका, हातानं मोडा. तटाला बाहेरून घडीव काळा दगड आणि पोटात गोटे-चुन्याची भर असते, तेव्हा मोडलेल्या तोंडाला पीओपीत बारीक खडी कालवून थापा आणि ते फिकट राहू द्या. सगळीकडं काळा रंग फासला की खिंडार मेलं.

भिंतीतून जेवढं गेलं तेवढं खाली पडलेलं दिसलंच पाहिजे, उलट जास्तच, कारण सुटा ढीग फुगतो. मी मोडलेला तुकडा फेकत नाही, त्याचाच चुरा करून पायथ्याशी टाकतो. मोठे दगड आधी फेविकॉलनं चिकटवा, मग चाळलेला मुरूम भुरभुरवा. शेतातली काळी माती वापरू नका. वाळली की तडकते आणि त्या भेगा १:१०० मध्ये नाल्याएवढ्या दिसतात.

रंग पोस्टरचाच घ्या. स्प्रेचा डबा थर्माकोल खातो.

माणसं थोडी ठेवा, पण आतल्या बाजूलाही ठेवा. तटामागं राहणारे लोक होते. एक रिकामं कोठार, त्याच्या दाराशी बाई आणि लेकरू, एवढं तरी करा. मग फळीच्या कडेला साल लिहा आणि सुरुंग कुठून आला तो बाण काढा.