सर्फिंग बंद असताना होणाऱ्या चुका

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. वेसाव्याला जाऊन बघा, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. जन्म दर्यात काढलेली माणसं हे 61 दिवस निमूट घरी बसतात. गोव्यात 4 दिवसांचा सर्फिंगचा कोर्स करून आलेल्यांना मात्र दम धरवत नाही. दर जुलैत मला तोच फोन येतो: "दादा, जुहूला काय लाटा आहेत! जाऊ का?"

नको जाऊस.

ती लाट लांबून मोठी दिसते, पण जवळच्याच वाऱ्याने उठवलेली असते. 6-7 सेकंदांत एकीवर एक आदळतात, अख्खी लाट एकदम कोसळते, सरकायला जागाच मिळत नाही. आपल्याला हवी असते ती लांब हिंदी महासागरातून आलेली, वाटेत विंचरून सरळ झालेली लाट.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका पावसाळ्यात दीड महिना बोर्डाला हात लावला नव्हता, हात शिवशिवत होते, म्हणून ओहोटी लागलेली असताना आक्साला उतरलो. तिसऱ्या लाटेनंतर मान वर केली, तर मघाशी समोर असलेली मक्याची गाडी बरीच डावीकडे गेलेली. पाणी आत ओढत होतं. सरळ किनाऱ्याकडे हात मारले, जागचा हललो नाही. मग किनाऱ्याला समांतर पॅडल करत कसाबसा ओढीतून बाहेर पडलो. दंडावर ब्लूबॉटलने, म्हणजे लांब धाग्यांनी डंख मारणाऱ्या जेलीफिशसारख्या निळ्या जीवाने, लाल रेघोट्या ओढल्या त्या वेगळ्याच. त्यावर बाटलीतलं गोडं पाणी ओतलं, ही पुढची चूक. त्याने उरलेला डंखही सुटू शकतो. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, धागे उघड्या हाताने ओढायचे नाहीत, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात हात ठेवायचा.

दुसरा माझा दुखरा विषय म्हणजे बोर्ड ठेवणं. माझा पहिला एपॉक्सी बोर्ड मी मे महिन्यात पिशवीसकट गच्चीवर पत्र्याखाली ठेवला. घरात जागा कुठे? आईने तो आधीच इस्त्रीची फळी म्हणून वापरायला काढला होता. जूनमध्ये चेन उघडली, तर पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावलेलं वॅक्स वितळून अस्तराला चिकटलेलं आणि बोर्डावर मधोमध पुरीसारखा फुगा. आतली हवा तापून फुगते आणि फायबरचा थर फोमपासून सुटतो. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी बोर्ड परत घरी आणला. आता जुन्या कार्डाने वॅक्स खरवडतो, उरलेलं खोबरेल तेलाच्या फडक्याने काढतो, मग भांड्याचा साबण. खडखडीत वाळवून पलंगाखाली, पिशवीची चेन अर्धी उघडी. भेग दिसली तर लगेच बुजवतो. "सीझन आला की बघू" म्हणणाऱ्यांचे बोर्ड पाणी पितात.

पॉप-अप, म्हणजे पालथं पडून एका झटक्यात पायांवर उभं राहण्याचा सराव, गादीवर करू नका, चटईवर करा. गुडघा न टेकता, नजर समोर, रोज 10. एकदम 100 करून व्हिडिओ टाकणारे मला ऑक्टोबरात गुडघ्यांवरच भेटतात.

पोहायला जरूर जा. पण बोर्डावर छाती आणि मान वर असते, पाय नुसते पडलेले. म्हणून शिवाजी पार्कच्या तलावात शेवटच्या 4 फेऱ्या मी मांड्यांत पुल-बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून, डोकं पाण्याबाहेर ठेवून मारतो. पहिल्या दिवशी लाइफगार्डला वाटलं, मी बुडतोय.

घरी बसल्या बसल्या 6 फुटी, म्हणजे आखूड, बोर्ड मागवू नका. का, ते विचारूही नका.

पाऊस ओसरल्यावर विरारजवळच्या राजोडीच्या किनाऱ्यावर जायच्या आदल्या रात्री लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, पूर्ण उलगडून हाताने जोरात ओढून बघा. आणि घट्ट गुंडाळून ठेवली असेल, तर घडीच्या जागी नख लावून बघा. चीर असेल तर लीश नवीन घ्या, गाठ मारू नका.