कार्ड आईचं, धावपळ तुमची: ओंटारिओत घरच्यांचं ओहिप काढताना

नवीन आलेल्या प्रत्येक घरात एक जण सगळ्यांची कामं अंगावर घेतो. बहुधा ज्याला आधी नोकरी लागते तो. बँक, फोन, भाडेकरार, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर पटापट उरकतं, आणि ओहिपच्या वेळी हीच घाई नडते. ओहिप म्हणजे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा. त्याच्या कार्डाचा फॉर्म तुम्ही भरा, रांगेत तुम्ही उभे राहा, काउंटरवर इंग्रजी तुम्ही बोला, कोणी अडवणार नाही. पण कागद ज्याचं कार्ड त्याच्याच नावाचे लागतात. शिवाय साडेपंधरा वर्षांवरच्या माणसाला स्वतः सर्व्हिस ओंटारिओत, म्हणजे प्रांताच्या सरकारी सेवा केंद्रात, जावं लागतं, कारण फोटो तिथेच काढतात.

माझंच सांगते. आम्ही आलो तेव्हा भाडेकरार ह्यांच्या नावावर, हायड्रोचं बिल ह्यांच्या नावावर (इथे हायड्रो म्हणजे वीज, पाणी नव्हे), पगाराची स्लिप तर ह्यांचीच. मी ह्याच घरात राहते, हे दाखवायला माझ्याकडे चिटोरंही नव्हतं. काउंटरवरची बाई गोड हसून म्हणाली, पुढच्या वेळी घेऊन या. चूक आमचीच होती. जॉइंट खातं उघडून पहिलं स्टेटमेंट हातात येईपर्यंत महिना गेला. म्हणून पहिल्याच दिवशी घरमालकाला सांगा, करारावर दोघांची नावं घाल. आईवडील पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन येत असतील तर त्यांचंही बँक खातं लगेच उघडा आणि स्टेटमेंट घरच्या पत्त्यावर मागवा.

एकूण तीन वेगवेगळे कागद लागतात, तिन्ही अस्सल. झेरॉक्स चालत नाही. एक इमिग्रेशनचा, म्हणजे पीआर कार्ड, कन्फर्मेशन ऑफ पर्मनंट रेसिडन्स किंवा वर्क परमिट. दुसरा ओंटारिओतल्या पत्त्याचा. तिसरा ओळखीचा, त्याला पासपोर्ट चालतो.

आता आपल्या नावांचा घोळ. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात बाईचं स्वतःचं आणि नवऱ्याचं अशी दोन नावं, बँकेत नुसतं पहिलं, आणि लग्नाआधीचा पासपोर्ट असेल तर आडनावही माहेरचं. आपल्याला ह्यात काही वावगं वाटत नाही, पण समोरच्याला ती दोन माणसं वाटू शकतात. बँकेत आणि करारावर पहिल्यापासूनच पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसकट लिहायला सांगा.

पात्रता कोणाची? पीआर असेल तर प्रश्न नाही. वर्क परमिटवाल्याची ओंटारिओतल्या कंपनीत किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी हवी. तसं पत्र कंपनीकडून आणा, कारण त्याच पत्रावर त्याच्या जोडीदारालाही आणि २२ वर्षांखालच्या मुलांनाही ओहिप मिळतं. स्टडी परमिटवर आलेल्या भाच्याला मात्र मिळत नाही, त्याचा विमा विद्यापीठाकडून होतो.

सगळ्यात जास्त गैरसमज सुपर व्हिसाचा, म्हणजे आईवडिलांना मुलांकडे लांबच्या मुक्कामासाठी मिळणाऱ्या भेटीच्या व्हिसाचा. आई पाच वर्षं राहू शकते, मग ओहिप का नाही, असं मला दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच. कितीही राहिली तरी ती पाहुणीच. म्हणून तर व्हिसासाठी किमान १ लाख डॉलरचा, निदान वर्षभराचा खाजगी विमा काढायला लावतात. काउंटरवर हेलपाटे घालून काही होणार नाही. त्यापेक्षा त्या पॉलिसीत आईचा जुना बीपी-शुगर कितपत धरलाय, हे बारीक अक्षरांतलं वाचा.

जुनी मंडळी सांगतील, तीन महिने थांबावं लागतं. आमच्या वेळी लागायचं. ती अट मार्च २०२० मध्ये निघाली. पण अर्जच केला नाही तर विमा कुठून सुरू होणार? तेव्हा कागद जमले की लगेच जा, आणि तोवर प्रवासाचा विमा चालू ठेवा.

आईवडील पीआरवर असले तरी हिशेब ठेवा. कुठल्याही बारा महिन्यांत किमान १५३ दिवस ओंटारिओत राहावं लागतं, आणि नव्याने आलेल्यांना पहिल्या १८३ दिवसांतले १५३. आल्याबरोबर कार्ड काढून थंडी नको म्हणून चार महिने पुण्याला जाण्याचा बेत तिथेच कोसळतो.

आई चालू शकत नसेल, अंथरुणाला खिळलेली असेल, तर तिला उचलून नेऊ नका. वैद्यकीय कारणासाठी फोटो-सहीतून सूट मिळते. त्याचा वेगळा फॉर्म असतो, तो डॉक्टरांकडून भरून घ्या. स्मृतिभ्रंश असेल आणि तुमच्याकडे तिचं पॉवर ऑफ अॅटर्नी असेल, तर ते कागद घेऊन जा. नुसतं ‘मी मुलगा आहे’ म्हणून भागत नाही.

लहान मुलांचं काम सोपं, आईबापांनी जाऊन करायचं. बाळ इथेच जन्मलं तर हॉस्पिटलात किंवा मिडवाइफकडेच फॉर्म मिळतो. घरी जायच्या गडबडीत तो पिशवीच्या तळाशी जातो, त्यामुळे नर्सने दिल्या दिल्या भरा.

कार्ड पोस्टाने येतं, काही आठवडे जातात. मध्ये घर बदललं तर ३० दिवसांत पत्ता कळवायचा असतो, घरातल्या प्रत्येकाचा. आलेल्या कार्डावर दहा आकडे आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. आई वहीत आकडे टिपून ठेवेल आणि अक्षरं सोडून देईल; माझ्या सासूबाईंनी दिली होती. दवाखान्यात तीही विचारतात, आणि नवं कार्ड आलं की ती बदलतात.