ताकद ५/५, तरी पाणी शर्टावर

इंटर्नशिपमध्ये न्यूरो वॉर्डात पहिलीच पोस्टिंग होती. एका काकांच्या कागदावर ‘ताकद ५/५’, म्हणजे हातात पूर्ण जोर, असं लिहून मी पुढच्या खाटेकडे वळले, तर मागे स्टीलचा ग्लास पडला. काकांचा शर्ट भिजला होता. म्हणाले, ‘उचलताना ठीक असतो हो हात, तोंडाशी आला की हलतो.’

माझ्या तपासणीत जे निसटलं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. लहान मेंदूला उजवीकडे स्ट्रोक झाला होता आणि बिघडला होता उजवाच हात. मोठ्या मेंदूसारखी इथे बाजू उलटत नाही. लहान मेंदू हालचालीचं माप सांभाळतो. ब्रेक उशिरा लागला की हात पल्ला ओलांडतो, मग परत आणताना पुन्हा चुकतो; म्हणून थरथर शेवटच्या चार बोटांच्या अंतरात वाढते. पार्किन्सनमध्ये बहुधा हात मांडीवर स्वस्थ असतानाच थरथरतो.

फिंगर-नोज टेस्टमध्ये पेशंट आळीपाळीने स्वतःच्या नाकाला आणि आपल्या बोटाला हात लावतो. ती घेताना आपलं बोट इतकं लांब धरा की पेशंटचं कोपर जवळजवळ सरळ व्हावं. जवळ धरलंत तर दोष लपतो. पंजा मांडीवर उलटसुलट आपटायला सांगाल तेव्हा क्षणभर नजर काढून नुसता आवाज ऐका. तुटलेली लय कानाला आधी कळते.

आणि पेशंटला उठवून बसवा! इजा लहान मेंदूच्या मधल्या भागात असेल तर झोपून हातपाय छान चालतात, बसवलं की धड डोलतं. अचानक चक्कर, उलट्या आणि आधाराशिवाय बसता येत नाही, असा पेशंट दिसला तर लगेच सीनियरला बोलवा. लहान मेंदूत सूज आली तर श्वास सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठावर (ब्रेनस्टेमवर) दाब येतो.

पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागून लहान मेंदूला इजा झालेले सैनिक ब्रिटिश न्यूरोलॉजिस्ट गॉर्डन होम्स यांनी तपासले, १९१७ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांच्या एका पेशंटचा डावा हात आपोआप चाले, उजव्याची मात्र प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागे. काका दुपारपर्यंत इतके का दमतात, हे मला तेव्हा उमगलं. मग व्यायाम सकाळी घेऊ लागलो, थोडे थोडे, मध्ये विश्रांती देऊन. आधी कोपर टेबलावर टेकवायचं, मग ग्लास. तोही अर्धाच भरलेला.